देशोदेशींचा विचार : पदवीधरांच्या मताचें मोल

लोकशाहींत सर्वांचें मत सारखें, हें तत्त्व आतां इतकें सर्वमान्य झालें आहे कीं, त्यावर कोणीं शंका घेतल्यास आपणांस नवल वाटतें. लक्षाधीशाचें मत एकच आणि त्याच्या दारांतील पहारेकऱ्याचेंही एकच. प्राध्यापकांचें एकच आणि त्यांच्या घरीं भांडीं घासणाऱ्या बाईचेंही एकच. तथापि जगांत कांहीं थोड्या ठिकाणीं असा एक कोपरा अद्यापि शिल्लक आहे कीं, जेथें मतदारास नांव, गांव व वय विचारून झाल्यावर आणखी एक प्रश्न विचारला जातो : "आपण पदवीधर आहांत काय?" उत्तर होकारार्थी असेल तरच दार उघडतें, नाहीं तर बाहेरूनच नमस्कार. असा एक कोपरा आयर्लंडच्या पार्लमेंटांत आहे, आणि दुसरा आपल्या महाराष्ट्राच्या विधान परिषदेंत आहे.

आयर्लंडनें आपल्या या कोपऱ्याची दुरुस्ती सन २०२४ मध्यें एका नव्या कायद्यानें केली. ही दुरुस्ती कशी झाली, तिला इतका विलंब कां लागला आणि ती पुरेशी आहे काय, याचा विचार या अंकीं करण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय दूरच्या बेटावरील असला तरी आमच्या वाचकांस तो परका वाटण्याचें कारण नाहीं. आमचे अंक ज्या घरांत जातात, त्यांतील बहुतेकांत दोनचार तरी पदवीधर असतातच. आणि विद्येचा मान हा आपल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या बोलला जाणारा विषय आहे. तो मान मताच्या रूपानें मागावा काय, हा प्रश्न म्हणूनच आपल्याही माजघरांतला आहे.

प्रथम त्या सभागृहाची रचना समजून घेऊं. आयर्लंडच्या वरिष्ठ सभागृहास त्यांच्या भाषेंत शॅनद म्हणतात. ही साठ पानांची पंगत आहे असें समजावें. त्यांपैकीं ११ पानांवर कोणास बसवावयाचें तें पंतप्रधान स्वतः ठरवितात. ४३ पानें पांच गटांत वांटलेलीं आहेत : संस्कृति व शिक्षण, शेती, कामगार, उद्योग व व्यापार, आणि राज्यकारभार. या ४३ जणांची निवड कनिष्ठ सभागृहाचे सभासद, मावळते शॅनद-सभासद व नगर आणि जिल्हा कौन्सिलांचे सभासद असे सारे मिळून हजार-बाराशें लोक करितात. उरलीं सहा पानें. तीं पदवीधरांच्या मतानें भरावयाचीं. म्हणजे गंमत अशी कीं, ज्याच्यापाशीं पदवी नाहीं व जो कौन्सिलांतही नाहीं, अशा सामान्य आयरिश नागरिकास या सबंध पंगतींतील एकाही पानाविषयीं कोणी विचारीत नाहीं. आपल्याकडील पदवीधराचें मत हें विधानसभेच्या मतावर मिळालेलें आणखी एक मत असतें. आयर्लंडांतही तसेंच आहे. पण तेथें शॅनदपुरतें पाहिलें तर पदवीधर हाच काय तो साध्या नागरिकांतील मतदार, आणि बाकीचे सारे केवळ प्रेक्षक.

ही चाल आयर्लंडांत आली ती इंग्रजांकडून. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स यानें १६०३ सालीं ऑक्सफर्ड व केंब्रिज या विद्यापीठांस पार्लमेंटांत प्रतिनिधि पाठविण्याचा हक्क दिला. पुढें दहा वर्षांनीं, १६१३ सालीं, तोच हक्क डब्लिन विद्यापीठासही आयरिश पार्लमेंटापुरता मिळाला. विद्यापीठें ही स्वतंत्र मालमत्तेचीं व स्वतंत्र नियमांचीं धर्मपीठांसारखीं मंडळें होतीं. त्यांचे हितसंबंध सांभाळावयास त्यांचाच माणूस असावा, एवढाच मूळचा विचार. विद्वानांचें डोकें राज्यकारभारास उपयोगीं पडावें, ही कल्पना मागाहून चिकटली. न्यूटनसारखा शास्त्रज्ञ १६८९ सालीं केंब्रिज विद्यापीठाचा प्रतिनिधि म्हणून पार्लमेंटांत बसला, हें उदाहरण या प्रथेचे चाहते नेहमीं पुढें करीत. इंग्लंडनें मात्र १९४८ च्या कायद्यानें या जागा रद्द केल्या व १९५० च्या निवडणुकीपासून त्या नाहींशा झाल्या. एकास दोन मतें व दुसऱ्यास एक, हें नव्या काळास मानवणारें नव्हतें.

आयर्लंडनें तसें केलें नाहीं, त्याला एक नाजूक कारण होतें. डब्लिन विद्यापीठ, म्हणजेच १५९२ सालीं राणी एलिझाबेथच्या सनदेनें स्थापन झालेलें ट्रिनिटी कॉलेज, हें प्रॉटेस्टंट अल्पसंख्याकांचें विद्येचें माहेरघर होतें. उलट १९०८ च्या कायद्यानें निर्माण झालेलें राष्ट्रीय विद्यापीठ हें डब्लिन, कॉर्क व गॉलवे येथील कॉलेजांचें मिळून बनलेलें आणि मुख्यतः कॅथलिक बहुसंख्याकांचें. स्वातंत्र्यानंतर या दोन्ही विद्यापीठांस कनिष्ठ सभागृहांत जागा देण्यांत आल्या होत्या. १९३६ सालीं त्या काढून घेण्यांत आल्या. त्याच वर्षीं जुनें वरिष्ठ सभागृहही मोडण्यांत आलें. पुढें १९३७ सालीं डी व्हॅलेरा यांनीं नवी राज्यघटना लोकांपुढें ठेवली, तेव्हां नव्या शॅनदमध्यें दोन्ही विद्यापीठांस प्रत्येकीं तीन जागा देऊन समतोल साधला. डी व्हॅलेरा हे स्वतः १९२१ पासून राष्ट्रीय विद्यापीठाचे कुलपति होते, हेंही येथें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. विद्येचा मान आणि अल्पसंख्याकांस आश्वासन, असे दोन पक्षी एका दगडांत साधले गेले.

अशा जागांनीं देशाचें कांहीं भलें केलें काय? केलें, असें आम्हांस प्रामाणिकपणें म्हणावें लागतें. मेरी रॉबिन्सन या १९६९ सालीं वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षीं डब्लिन विद्यापीठाकडून शॅनदमध्यें निवडून आल्या. त्या वेळीं आयर्लंडांत संततिनियमनाचीं साधनें विकणें हा गुन्हा होता. धर्मगुरूंच्या धाकापुढें कोणताही पक्ष या विषयाचा उच्चार करण्यास तयार नव्हता. १९७१ सालीं रॉबिन्सनबाईंनीं विद्यापीठांच्याच दुसऱ्या दोन सभासदांसह त्या कायद्यांत बदल करणारें विधेयक आणण्याचा प्रयत्न केला. सभागृहानें तें पहिल्या पायरीवरच अडविलें. पण न उच्चारण्याचा विषय उच्चारला गेला, आणि पुढें १९७९ सालीं सरकारासच थोडासा कां होईना कायदा करावा लागला. समलिंगी संबंधास गुन्हा ठरविणाऱ्या जुन्या कायद्याविरुद्ध डेव्हिड नॉरिस यांनीं आपल्याच देशाच्या न्यायालयांत हार पत्करून १९८८ सालीं युरोपच्या मानवी हक्क न्यायालयांत जय मिळविला. तेही १९८७ पासून डब्लिन विद्यापीठाचेच प्रतिनिधि होते. आयर्लंडच्या अध्यक्षपदीं पुढें चढलेले दोघेजण, रॉबिन्सनबाई व मायकेल हिगिन्स, हे कधीं ना कधीं पदवीधरांच्या मतानें शॅनदमध्यें बसलेले होते.

यांतलें मर्म ओळखलें पाहिजे. हीं माणसें इतरांहून अधिक शिकलेलीं होतीं म्हणून त्यांच्या हातून हें झालें, असें नव्हे. पदवीधर तर मंत्रिमंडळांतही होते आणि ते गप्प होते. फरक एवढाच कीं, या सभासदांस कोणत्याही एका गांवाची मर्जी राखावयाची नव्हती व पक्षाच्या यादींतून नांव गळण्याची भीति नव्हती. त्यांचे मतदार देशभर, किंबहुना देशाबाहेरही विखुरलेले असत आणि टपालानें मत पाठवीत. रविवारच्या प्रवचनांत पाद्रीबोवांनीं नांव घेऊन निषेध केला, तरी त्यांची जागा जात नसे. म्हणजे या जागांचें मोल विद्वत्तेंत नव्हतें. तें निर्भयतेंत होतें.

तथापि नाण्याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. आयर्लंडच्या स्वराज्याचे कट्टर विरोधक एडवर्ड कार्सन हे १८९२ पासून १९१८ पर्यंत याच डब्लिन विद्यापीठाचे प्रतिनिधि म्हणून ब्रिटिश पार्लमेंटांत बसत. ज्या किल्ल्यांतून सुधारणा बाहेर पडते, त्याच किल्ल्यांत जुना अधिकारही तितक्याच सुरक्षितपणें दडून बसूं शकतो. शिवाय सहा जागांची वांटणीही न्याय्य राहिली नाहीं. राष्ट्रीय विद्यापीठाचे मतदार एक लक्षाहून अधिक झाले, ट्रिनिटीचे त्याहून पुष्कळच कमी. तरी जागा दोघांस तीनतीनच. ट्रिनिटींत तर परीक्षा देऊन 'स्कॉलर' म्हणून निवडल्या गेलेल्या विद्यार्थ्यास पदवी मिळण्यापूर्वींच मत असे. आणि सर्वांत मोठा अन्याय दाराबाहेरच्यांवर होता.

१९३७ सालीं विद्यापीठें दोनच होतीं, म्हणून घटनेंत दोघांचींच नांवें आलीं. पण पुढें तेथें शिक्षणाचा प्रसार झपाट्यानें झाला. लिमरिक येथें नवें विद्यापीठ झालें, डब्लिन शहरांत दुसरें झालें; या दोघांसही १९८९ सालीं विद्यापीठाचा दर्जा मिळाला. ठिकठिकाणीं तंत्रशिक्षणाच्या संस्था निघाल्या व अलीकडे त्यांचींही तंत्रविद्यापीठें झालीं. ज्या घरांत पूर्वीं कोणी कॉलेजची पायरी चढलें नव्हतें, अशा घरांतील हजारों मुलामुलींनीं याच नव्या संस्थांतून पदव्या घेतल्या. त्यांस मत नव्हतें. एकाच घरांतील दोन भावंडांपैकीं थोरली ट्रिनिटींत शिकली व धाकटा लिमरिकला गेला, तर थोरलीच्या नांवें टपालानें मतपत्रिका येई आणि धाकट्याच्या नांवें कांहींच येत नसे. दोघांचा अभ्यास सारखा, परीक्षा सारख्या कठीण, नागरिकत्व एकच. पण ज्या इमारतींत पुस्तक उघडलें ती निराळी. विद्येचा मान असा इमारतीच्या नांवावर चढला म्हणजे तो विद्येचा राहत नाहीं, घराण्याचा होतो. आणि घराण्याचा मान म्हणजे काय, हें आपणांस कोणी आयर्लंडाहून येऊन शिकवावयास नको.

या अन्यायाची जाणीव कोणासच नव्हती असें मात्र नाहीं. ५ जुलै १९७९ रोजीं घटनादुरुस्तीवर सार्वमत घेण्यांत आलें. त्या वेळीं राष्ट्रीय विद्यापीठ मोडून त्याच्या कॉलेजांचीं स्वतंत्र विद्यापीठें करावीं असा सरकारचा बेत होता. तसें झालें तर घटनेंतील नांवेंच अडचणीचीं ठरलीं असतीं. म्हणून या सहा जागांची वांटणी कायद्यानें इतर उच्च शिक्षणसंस्थांतही करतां येईल, अशी दुरुस्ती पुढें आली. मत देण्यास शेंकडा ३० लोकही बाहेर पडले नाहींत. परंतु जे पडले त्यांतील शेंकडा ९२ हून अधिकांनीं होकार दिला. लोकांनीं किल्ली सरकारच्या हातीं दिली. सरकारनें ती खुंटीला अडकविली, आणि ती तेथेंच चव्वेचाळीस वर्षें लोंबत राहिली. विद्यापीठ मोडण्याचा बेत बारगळला, तशी कायद्याची निकडही ओसरली. सरकारें आलीं व गेलीं, अहवाल लिहिले गेले, समित्या बसल्या आणि उठल्या. ज्यांना मत होतें त्यांना घाई नव्हती. ज्यांना घाई होती त्यांना मत नव्हतें. सुधारणा कां रेंगाळते याचें याहून थोडक्यांत उत्तर आम्हांस ठाऊक नाहीं.

अखेर लिमरिक विद्यापीठाच्या एका तरुण पदवीधरानें न्यायालयाचें दार ठोठावलें. खालच्या न्यायालयांत त्यास यश आलें नाहीं. वाद सारा एका क्रियापदाभोंवतीं फिरत होता, हें आमच्या व्याकरणप्रेमी वाचकांस विशेष वाटेल. सरकारचें म्हणणें असें कीं, घटनेंत 'कायद्यानें तरतूद करतां येईल' असें आहे, 'करावीच' असें नाहीं. परवानगी म्हणजे आज्ञा नव्हे. वादीचें म्हणणें असें कीं, लोकांनीं इतक्या बहुमतानें दार उघडण्यास सांगितल्यावर तें कायमचें लावून ठेवण्याची परवानगी त्या क्रियापदांतून निघत नाहीं. मार्च २०२३ मध्यें आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयानें वादीच्या बाजूनें निकाल दिला : फक्त दोन विद्यापीठांच्या पदवीधरांपुरतें मत राखून ठेवणारा १९३७ चा कायदा घटनेशीं विसंगत आहे. निकाल मात्र ताबडतोब अमलांत न आणतां न्यायालयानें कायदेमंडळास दुरुस्तीसाठीं मुदत दिली.

त्यांतून २०२४ चा कायदा जन्मास आला. त्यानें तीनतीन जागांचे दोन जुने मतदारसंघ मोडून सहा जागांचा एकच 'उच्च शिक्षण मतदारसंघ' निर्माण केला. देशांतील नेमून दिलेल्या कोणत्याही उच्च शिक्षणसंस्थेची पदवी असलेल्या सज्ञान आयरिश नागरिकास आतां त्यांत नांव नोंदवितां येतें. जानेवारी २०२५ ची शॅनदची निवडणूक जुन्याच पद्धतीनें पार पडली. नवा कायदा त्या निवडणुकीनंतर अमलांत आला. म्हणजे सहाही सभासद एकदम नव्या मतदारसंघांतून निवडण्याचा प्रसंग यापुढील सार्वत्रिक निवडणुकीचा. थोरली बहीण आणि धाकटा भाऊ त्या वेळीं एकाच उमेदवारांतून निवड करतील.

ही सुधारणा योग्यच झाली, याविषयीं आम्हांस तिळमात्र शंका नाहीं. पण ती पुरी झाली काय? येथें आमचें मत थोडें निराळें आहे. नव्या मतदारसंघांत मतदारांची संख्या कित्येक लक्षांवर जाऊं शकेल. इतक्या मोठ्या व विखुरलेल्या मतदारवर्गापर्यंत पोंचण्यास पैसा, यंत्रणा किंवा गाजलेलें नांव लागतें. आणि पहिल्या दोन गोष्टी बहुधा पक्षांपाशींच असतात. म्हणजे ज्या निर्भयतेमुळें या जागांस मोल होतें, तीच दार रुंद करतांना निसटण्याचा संभव आहे. याचा अर्थ दार अरुंद ठेवावें असा कोणीं करूं नये. अन्यायानें राखलेली निर्भयता ही उसनी असते. अर्थ एवढाच कीं, नव्या मतदारांनीं आपलें मत पक्षाच्या चिन्हाकडे पाहून दिलें, तर या सहा जागा आणि बाकीच्या जागा यांत फरक उरणार नाहीं, आणि मग त्या वेगळ्या ठेवण्याचें प्रयोजनही उरणार नाहीं.

दुसरी गोष्ट याहून खोल आहे. लिमरिकचा पदवीधर आंत आला. पण लिमरिकचा गवंडी, कॉर्कची परिचारिका व गॉलवेचा कोळी हे होते तेथेंच राहिले. पदवीधरांतील भेद मिटला, पण पदवीधर व बिनपदवीधर यांतील भेद उलट ठळक झाला. ऑक्टोबर २०१३ मध्यें शॅनद ठेवावी कीं मोडावी, असा प्रश्न आयरिश जनतेस विचारण्यांत आला होता. त्या वेळीं शेंकडा ५१.७ मतांनीं ती वांचली. इतक्या थोडक्यांत वांचलेल्या सभागृहानें आपली मुळें लोकांत नेलीं पाहिजेत, हें उघड होतें. १९३७ च्या रचनेमागें व्यवसायांच्या प्रतिनिधित्वाची कल्पना होती. शेतकऱ्यांचा शेतकरी, कामगारांचा कामगार अशी. प्रत्यक्षांत ते पांचही गट कौन्सिलर मंडळींच्या, म्हणजे पक्षांच्या, हातीं गेले. २०१५ सालीं सरकारनेंच नेमलेल्या एका समितीनें असें सुचविलें कीं, त्या ४३ पैकीं ३० जागा सर्व नागरिकांच्या थेट मतानें भराव्या आणि प्रत्येकानें एकाच गटांत एकच मत द्यावें. ही सूचना कायद्यांत उतरली नाहीं. आमच्या मतें खरी सुधारणा तीच होय. प्रत्येक नागरिकास शॅनदसाठीं एक मत असावें. पदवीधरानें तें वाटल्यास पदवीधरांच्या गटांत द्यावें, परिचारिकेनें कामगारांच्या गटांत द्यावें. मग पदवी हा अधिकार न राहतां पदवीधराचा व्यवसाय ठरेल, आणि तोच तिचा रास्त दर्जा आहे.

आतां आपल्या घराकडे वळूं. आपली राज्यघटना तयार होत असतांना घटनासमितीचे सल्लागार बेनेगल नरसिंग राव हे १९४७ सालीं डब्लिनला जाऊन आले होते. राज्यसभेंतील १२ नामनियुक्त सभासदांची कल्पना आपण आयर्लंडकडूनच घेतली असें सर्वत्र मानलें जातें. विद्यापीठाची जागा मात्र आपल्याकडे इंग्रजी अमलांतच आलेली होती. १९२७ सालीं कन्हैयालाल मुनशी हे मुंबई विद्यापीठाच्या मतदारसंघांतून मुंबईच्या कायदेमंडळांत निवडून आले होते. स्वातंत्र्यानंतर आपण पार्लमेंटांत अशी जागा ठेविली नाहीं. पण ज्या राज्यांत विधान परिषद आहे, तेथें तिचा सुमारें बारावा हिस्सा पदवीधरांकडे दिला. महाराष्ट्राच्या परिषदेंत ७८ सभासद आहेत. त्यांपैकीं सात पदवीधरांचे. मुंबई, कोकण, पुणें, नाशिक, छत्रपति संभाजीनगर, अमरावती व नागपूर हे ते सात मतदारसंघ.

एका बाबतींत आपली घटना आयर्लंडच्या फार पुढें होती. तिनें कोणत्याही विद्यापीठाचें नांव घेतलें नाहीं. भारतांतील कोणत्याही विद्यापीठाची पदवी घेऊन तीन वर्षें झालेला व त्या मतदारसंघांत राहणारा माणूस मतदार होऊं शकतो, असें तिनें पहिल्याच दिवशीं सांगितलें. आयर्लंडला जें साधावयास २०२४ उजाडावें लागलें, तें आपणांस १९५० सालींच मिळालें. त्यामुळें एके कालीं ठराविक शहरांतील ठराविक आळ्यांत सांपडणारा पदवीधर मतदार जसजसा तालुक्यांतालुक्यांत व सर्व समाजांत निर्माण झाला, तसतसें दार आपोआप रुंद होत गेलें. त्यासाठीं कोणास न्यायालयांत जावें लागलें नाहीं. याबद्दल घटनाकारांचे आभारच मानले पाहिजेत.

पण दार उघडें असून उपयोग काय, जर आंत कोणी जातच नाहीं? आपल्याकडे पदवीधरांची मतदारयादी प्रत्येक निवडणुकीपूर्वीं नव्यानें तयार होते. विधानसभेच्या यादींत नांव आहे म्हणून या यादींत तें येत नाहीं. मागच्या खेपेस होतें म्हणूनही येत नाहीं. दर वेळीं पदवीच्या दाखल्यासह अर्ज करावा लागतो. परिणाम असा कीं, ज्या घरांत चार पदवीधर आहेत, तेथें यादींत अनेकदां एकाचेंही नांव नसतें. आणि ज्यास निवडून यावयाचें आहे तो उमेदवारच कार्यकर्त्यांकडून गठ्ठ्यांनीं अर्ज भरून घेतो. मतदारानें उमेदवार निवडावा ही रीत. येथें उमेदवारच आपले मतदार निवडतो. मग निवडून आलेला मनुष्य पक्षाचा निघाला तर दोष कोणाचा?

आणखी एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. पदवीधरांचा प्रतिनिधि स्वतः पदवीधर असलाच पाहिजे असें नाहीं. मद्रासच्या विधान परिषदेसंबंधींच्या एका खटल्यांत आपल्या सर्वोच्च न्यायालयानें १९७२ सालीं तसा स्पष्ट निर्णय दिला आहे. ऐकून प्रथम चमत्कारिक वाटतें. पण विचार केल्यास त्यांत शहाणपण दिसतें. पदवीधरांनीं आपला प्रतिनिधि पदवीच्या कागदावरून न निवडतां गुणावरून निवडावा, असाच त्याचा अर्थ आपण घेऊं शकतों.

आमच्या वाचकांस आमची विनंति दोन गोष्टींची आहे. पहिली : या मतदारसंघाची यादी तयार होऊं लागेल तेव्हां घरांतील प्रत्येक पदवीधरानें, आणि विशेषेंकरून सुनांनीं व लेकींनीं, आपला अर्ज आपल्या हातानें भरावा. लग्नानंतर बदललेलें नांव व पदवीच्या कागदावरील जुनें नांव यांच्या गोंधळांत कित्येक भगिनींचें मत बुडतें. त्यासाठीं लागणारा दाखला आधींच काढून ठेवावा. दुसरी : दारीं येणाऱ्या उमेदवारास रस्ते व नोकऱ्या यांविषयीं जरूर विचारावें, पण त्याआधीं हें विचारावें कीं, विधानसभेंत जी गोष्ट बोलण्यास कोणी धजत नाहीं, अशी कोणती गोष्ट आपण परिषदेंत बोलणार? ज्यास याचें उत्तर देतां येत नाहीं, त्याच्यासाठीं वेगळी जागा कशाला हवी?

शेवटीं एक विचार. पदवीच्या कागदावर एकाचेंच नांव छापलेलें असतें. पण ती पदवी बहुधा एकट्याची कमाई नसते. कोणाच्या काकांनीं स्वतःचें शिक्षण सोडून पुतण्याची फी भरलेली असते; कोणाच्या आजीनें पहाटे चुलीपाशीं बसून परीक्षेच्या दिवसांत डबे केलेले असतात; कोणाच्या बहिणीनें आपली शाळा सोडून धाकट्यांस सांभाळलेलें असतें. पदवीधरांच्या यादींत या काकांचें, आजीचें वा बहिणीचें नांव येत नाहीं. म्हणून ज्यास हें आणखी एक मत मिळालें आहे, त्यानें तें आपला मान म्हणून मिरवूं नये; ज्यांच्या कष्टांवर आपण शिकलों व ज्यांस या दारांतून आंत येतां येत नाहीं, त्यांचें तें आपल्या हातीं ठेवलेलें आहे असें समजून वापरावें. आयर्लंडच्या लोकांनीं चव्वेचाळीस वर्षांनीं कां होईना, खुंटीवरची किल्ली खालीं काढली. आपल्या हातीं ती पहिल्यापासूनच आहे; पुढच्या यादींत तिचा उपयोग किती घरें करितात, तें लवकरच दिसेल.